तरंग गेला कुठे? एका गाळणीचा इतिहास

माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत, भौतिकशास्त्राच्या कपाटात, एक पत्र्याची पेटी बहुधा असतेच. पुढच्या बाजूला दोन, चार, सहा असे आकडे लिहिलेला फिरवण्याचा खटका, तारा जोडण्यासाठी एक लाल आणि एक काळा स्क्रू, आणि वर नाव: 'बॅटरी एलिमिनेटर'. ओहमचा नियम पडताळायचा असो की विद्युतचुंबक करायचा असो, ही पेटी बाहेर काढली जाते. तिला असे चमत्कारिक नाव का, हे आम्ही शाळेत असताना कधी विचारले नाही. एलिमिनेटर म्हणजे काढून टाकणारा. पण बॅटरीला कोणी काढून टाकले, आणि कशातून?

काही वर्षांपूर्वी एका शिक्षक-शिबिरात आम्ही अशाच एका पेटीचे झाकण उघडून आतले भाग दाखवत होतो. एक ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक कपॅसिटर. आम्ही नेहमीचे वाक्य बोललो, "डायोड प्रवाहाला एकाच दिशेचा करतात आणि कपॅसिटर त्यातला चढउतार काढून टाकतो." मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारले, "सर, काढून टाकतो म्हणजे तो चढउतार जातो कुठे?" आम्ही पाण्याच्या टाकीचा दृष्टान्त दिला. नळ थांबून थांबून आला तरी टाकीखालची धार सारखी राहते, वगैरे. बाईंनी मान डोलावली, पण त्यांचे समाधान झाले नव्हते हे दिसत होते. खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते.

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. ते पाठ्यपुस्तकाच्या एका आकृतीत मावत नाही. त्यासाठी सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहावा लागतो, कारण या सव्वाशे वर्षांत तो चढउतार एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवला गेला, आणि दर वेळी कोणाला तरी वाटले की तो गेला.

सेकंदाला शंभर टेकड्या

प्रथम थोडी उजळणी. आपल्या घरात येणारा विद्युतदाब सेकंदाला ५० आवर्तने करतो. त्याचे परिणामी मूल्य २३० व्होल्ट, पण शिखरावर तो सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जातो. चार डायोडांच्या पुलातून तो नेला, की प्रत्येक आवर्तनाचा खालचा अर्धा भाग उलटून वर येतो. आता दाबाची दिशा बदलत नाही, पण आकार मात्र टेकड्यांच्या रांगेसारखा होतो. सेकंदाला शंभर टेकड्या, आणि प्रत्येक दोन टेकड्यांमध्ये शून्यापर्यंत उतरणारी दरी.

या रांगेपुढे कपॅसिटर लावला, की टेकडीच्या माथ्याजवळ तो भरून घेतो. माथा उलटून गेला, की डायोड बंद होतात आणि पुढची टेकडी पुरेशी वर येईपर्यंत कपॅसिटर एकटा पुढच्या मंडलाला पोसतो. त्या काळात त्याचा दाब थोडा उतरतो. भरणे आणि उतरणे यांमुळे दाबात जो करवतीच्या दात्यांसारखा चढउतार उरतो, त्याला कारागीर 'रिपल' म्हणतात. आपण त्याला तरंग म्हणू.

एकाच वर्षी दोन्ही भाग

गंमत अशी, की या मंडलाचे दोन्ही मुख्य भाग एकाच माणसाच्या हातून आले. कारोल पोलाक हे पोलिश अभियंता जर्मनीत फ्रांकफुर्ट येथे संचायक विद्युतघटांवर काम करत होते. घट भारित करायला एकाच दिशेचा प्रवाह लागतो, आणि शहरांत तर प्रत्यावर्ती प्रवाह येऊ लागला होता. पोलाक यांनी १८९५ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये आणि १८९६ मध्ये जर्मनीत चार झडपांच्या पुलाचे पेटंट मागितले. म्युनिकचे लिओ ग्रेट्झ यांनी स्वतंत्रपणे तेच मंडल शोधून १८९७ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्याला नाव मिळाले ते ग्रेट्झ यांचे.

त्या काळी डायोड नव्हते. पोलाक यांची झडप म्हणजे द्रावात बुडवलेला ॲल्युमिनिअमचा पत्रा. ॲल्युमिनिअमवर ऑक्साइडचा जो पातळ पापुद्रा बसतो, तो एका दिशेने प्रवाह जाऊ देतो आणि दुसऱ्या दिशेने अडवतो. अडवत असताना हा पापुद्रा दोन वाहकांमधल्या विद्युतरोधकासारखा वागतो, म्हणजे तो कपॅसिटरही असतो! पोलाक यांनी १८९६ मध्येच ॲल्युमिनिअमच्या विद्युत-अपघटनी कपॅसिटरचे पेटंट मागितले. हा पापुद्रा दर व्होल्टला साधारण सव्वा ते दीड नॅनोमीटर इतका पातळ असतो. रोधक जितका पातळ, तितकी धारकता जास्त. त्यामुळे कागदी कपॅसिटरला जिथे डब्याएवढी जागा लागे, तिथे हा अंगठ्याएवढ्या नळकांड्यात मावू शकतो. मात्र ही गुणवत्ता बाजारात यायला आणखी तीस वर्षे लागली, कारण तोवर तिची निकड कोणाला नव्हती. ती निकड रेडिओने निर्माण केली.

पहिली जागा: श्रोत्याचा कान

१९२० नंतर घरोघर आलेल्या रेडिओला तीन बॅटऱ्या लागत. व्हॉल्व्हची तार तापवायला एक, सहसा शिसे-आम्लाची, जी वरचेवर भारित करून आणावी लागे. व्हॉल्व्हच्या प्लेटला दाब द्यायला पंचेचाळीस, नव्वद किंवा त्याहून जास्त व्होल्टची दुसरी. आणि ग्रिडसाठी एक लहान तिसरी. आम्लाने गालिचे जळत, आणि कोरड्या घटांचा खर्च वाढत राही.

भिंतीतल्या विजेवर रेडिओ का चालवू नये, असे सर्वांनाच वाटत होते. पण चालवून पाहिले, की वक्त्याच्या आवाजाखाली 'घूंऽऽ' असा सतत आवाज येई. हाच आपला तरंग. अमेरिकेत विजेची आवर्तने ६० असल्याने तो १२० हर्ट्झचा, युरोपात आणि आपल्याकडे १०० हर्ट्झचा. दुर्दैवाने हे दोन्ही आकडे माणसाच्या श्रवणाच्या टप्प्यात येतात.

१९२५ हे वर्ष या बाबतीत महत्त्वाचे ठरले. कॅनडात टोरंटो येथे एडवर्ड रॉजर्स यांनी बॅटरीशिवाय चालणारा रेडिओ विक्रीस आणला. त्याच वर्षी अमेरिकेत रेथिऑन कंपनीने वायू भरलेली, तार तापवावी न लागणारी रेक्टिफायर नळी बाजारात आणली. ही नळी, एक ट्रान्सफॉर्मर, लोखंडी गाभ्याचे एकदोन चोक आणि काही कपॅसिटर एका पेटीत बसवून 'बॅटरी एलिमिनेटर' तयार झाला. १९२८ मध्ये शिकागोत गॅल्विन बंधूंनी एक छोटा कारखाना काढला, त्याचे पहिले उत्पादन हेच. तोच कारखाना पुढे मोटोरोला म्हणून प्रसिद्ध झाला. मुंबईचे आकाशवाणी केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने सुरू केले ते याच काळात, २३ जुलै १९२७ रोजी.

काही वर्षांतच रेडिओच्या आतच ही सारी मांडणी आली, आणि वेगळ्या एलिमिनेटरची गरज संपली. नाव तेवढे उरले, आणि ते आपल्या शाळांच्या कपाटांत येऊन राहिले.

घूं कमी करण्यासाठी त्या वेळच्या अभियंत्यांनी दोन गोष्टी वापरल्या. चोक प्रवाहातल्या बदलाला विरोध करतो, कपॅसिटर दाबातल्या बदलाला. दोघांची जोडी म्हणजे चांगली गाळणी. पण चोक म्हणजे लोखंड आणि तांबे, म्हणजे वजन आणि पैसा. १९३० च्या दशकातल्या रेडिओत एक हुशारी आढळते. लाउडस्पीकरला चुंबकीय क्षेत्रासाठी एक मोठे वेटोळे लागेच. तेच वेटोळे चोक म्हणून गाळणीत जोडत. एका तांब्यात दोन कामे! आणि १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात राल्फ मर्शन, सॅम्युएल रूबेन आणि इतरांच्या प्रयत्नांनी पोलाक यांचा ॲल्युमिनिअम कपॅसिटर रेडिओसाठी तयार होऊ लागला. श्रोत्याच्या कानातला तरंग आता कपॅसिटरच्या अंगावर आला.

दुसरी जागा: उष्णता

गाळणीने तरंग कमी होतो, शून्य होत नाही. शिवाय भिंतीतला दाब दिवसभर वरखाली होतो. मोजमापाची उपकरणे आणि पुढे संगणक यांना हे चालेना. म्हणून गाळणीपुढे नियामक, म्हणजे रेग्युलेटर, बसवण्याची पद्धत आली.

जुना नियामक सरळ विचाराचा होता. लागतो त्यापेक्षा दोनचार व्होल्ट जास्त दाब घ्यायचा, आणि मधे एक व्हॉल्व्ह किंवा ट्रान्झिस्टर ठेवून जास्तीचा भाग त्याच्यावर पाडायचा. तरंगाचा माथा आला की जास्त पाडायचा, दरी आली की कमी. इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेल्या मुलांना ठाऊक असलेली ७८०५ ही तीन पायांची चकती हेच करते. तिला १२ व्होल्ट देऊन ५ व्होल्टवर एक अँपिअर घेतला, तर उपकरणाला ५ वॅट मिळतात आणि ७ वॅटची उष्णता होते. म्हणजे इथे तरंगाला जाळून टाकले जाते, आणि त्याच्याबरोबर पुष्कळ काही जळते. सत्तरच्या दशकातल्या संगणकांना ५ व्होल्टवर दहा-वीस अँपिअर लागत. त्यांच्या पेट्यांत जड ट्रान्सफॉर्मर, मोठाले कपॅसिटर, उष्णता घालवायचे पत्रे आणि पंखे यांनीच बरीच जागा व्यापलेली असे.

गाळणी पुढे सरकली

१९६० च्या दशकाच्या अखेरीस काहीशे व्होल्ट सहन करणारे आणि तरीही चपळ असे ट्रान्झिस्टर मिळू लागले. फेराइटचे चुंबकीय गाभे तर १९४० च्या दशकात नेदरलंड्समध्ये स्नुक यांच्या संशोधनानंतर उपलब्ध झाले होतेच. या दोन गोष्टींमुळे सारी मांडणी उलटी करता आली.

जुनी मांडणी अशी: आधी ट्रान्सफॉर्मरने दाब उतरवा, मग एकदिश करा, मग गाळा, मग नियमन करा. नवी मांडणी अशी: भिंतीतली वीज थेट डायोडांच्या पुलात घाला आणि तिथल्या तिथे, सुमारे ३०० व्होल्टवरच, गाळा. मग ट्रान्झिस्टरने त्या दाबाचे सेकंदाला वीस हजार किंवा जास्त वेळा तुकडे करा आणि ते लहानशा फेराइट ट्रान्सफॉर्मरमधून नेऊन दाब उतरवा. वारंवारता जितकी जास्त, तितका ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो. ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असतो, त्यामुळे त्याच्यात फारसे जळत नाही. नियमन करायचे ते चालू राहण्याचा अवधी कमीजास्त करून. आपल्याकडचे दुरुस्तीवाले याला एस.एम.पी.एस. म्हणतात.

अवकाशयाने, मोठे संगणक आणि मापन-उपकरणे यांत ही पद्धत आधीच आली होती. सामान्य माणसाच्या टेबलावर ती आणणाऱ्यांपैकी एक म्हणजे १९७७ चा ॲपल-२ हा संगणक. त्याचा ३८ वॅटचा, पंख्याशिवाय चालणारा नियामक रॉड होल्ट यांनी तयार केला, आणि डिसेंबर १९७८ मध्ये त्याला पेटंट मिळाले.

आता गाळणीचे काय झाले ते पाहू. कपॅसिटरमधली ऊर्जा धारकता गुणिले दाबाचा वर्ग, भागिले दोन इतकी असते. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२५ व्होल्टला भरला, तर त्यात सुमारे ५.३ ज्यूल राहतात. तेवढीच ऊर्जा १२ व्होल्टवर साठवायची, तर ७३,००० मायक्रोफॅरड लागतील! दाबाच्या वर्गाचा हा प्रताप. गाळणी दाब उतरवण्याच्या आधी नेल्याने ती एकदम लहान झाली.

दुसरा फायदा आणखी मोठा. समजा पुढचे उपकरण १०० वॅट घेते. वरच्या कपॅसिटरचा दाब दोन माथ्यांमध्ये ३२५ वरून सुमारे २९७ व्होल्टपर्यंत उतरतो. रेडिओच्या काळात एवढा तरंग म्हणजे अनर्थ. इथे मात्र नियामक निमूटपणे चालू राहण्याचा अवधी वाढवतो आणि बाहेरचे ५ व्होल्ट जवळजवळ हलत नाहीत. उष्णतेचा दंडही नाही. तरंग एवढा स्वस्तात सुटला, की चोक काढून टाकण्यात आला. उरले चार डायोड आणि एक कपॅसिटर. पोलाक यांची १८९६ ची सामग्री!

इथे गोष्ट संपली असती, तर शिबिरातल्या बाईंना आमचे जुने उत्तर पुरले असते.

तिसरी जागा: भिंतीमागची तार

वरच्या उदाहरणातच पाहा. कपॅसिटरचा दाब २९७ च्या खाली उतरत नाही. म्हणजे भिंतीतला दाब २९७ च्या वर असेल तेव्हाच डायोड उघडणार. ज्या वक्राचे शिखर ३२५ आहे, तो वक्र शिखराकडे चढताना २९७ ते ३२५ या पट्ट्यात किती वेळ असतो? दहा मिलिसेकंदांच्या टेकडीत जेमतेम १.३ मिलिसेकंद. विद्यार्थ्यांना साइन कोष्टक वापरून हे काढता येईल. दहा मिलिसेकंदांत लागणारी १ ज्यूल ऊर्जा या १.३ मिलिसेकंदांत भरून घ्यायची, तर त्या वेळात सरासरी अडीच अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढावा लागतो. तेवढ्याच शक्तीचा तारेचा दिवा केवळ ०.४३ अँपिअर घेतो, आणि तोही सलग.

म्हणजे दाबातला तरंग गेला खरा, पण तो प्रवाहातला तरंग होऊन तारेत गेला. कपॅसिटर जितका मोठा, आतला दाब जितका सपाट, तितका बाहेरच्या प्रवाहाचा ठोका अरुंद आणि उंच.

आम्हाला हे कळले ते पुस्तकातून नव्हे. २००५ च्या सुमारास, आम्ही पीएच.डी. करत असताना, आमच्या संस्थेत एका दालनात बरेच संगणक बसवले होते. काही महिन्यांनी वितरण-फलकाजवळ जळका वास येऊ लागला. वायरमनने पाहिले आणि तो चक्रावून म्हणाला, "साहेब, फेजच्या तारा कोमट आहेत, आणि न्यूट्रल चटका देतेय." त्याचे म्हणणे आम्हाला आधी खरे वाटले नाही. तीन फेजवर भार सारखा वाटला, की न्यूट्रलमध्ये प्रवाह जवळजवळ शून्य, हे आम्ही सगळे घोकून आलो होतो. त्याच्या साध्या टाँग टेस्टरनेही खरा आकडा दाखवला नाही, कारण तो साइन वक्र गृहीत धरून मोजतो. खरे परिणामी मूल्य मोजणारे उपकरण आणल्यावर दिसले, की न्यूट्रलमधला प्रवाह कोणत्याही एका फेजपेक्षा जास्त होता. वायरमन बरोबर होता, आणि आमचे घोकलेले वाक्य अपुरे होते.

कारण समजायला सोपे आहे. तीन फेजचे साइन वक्र एकमेकांना रद्द करतात, कारण त्यांच्यात एकतृतीयांश आवर्तनाचे अंतर असते. पण इथे साइन वक्र नाहीत, अरुंद ठोके आहेत. एका फेजचा ठोका पडतो तेव्हा बाकीच्या दोन फेज गप्प असतात. मग रद्द कोण कोणाला करणार? सगळे ठोके एकामागून एक न्यूट्रलमध्ये जाऊन पडतात. ठोके एकमेकांवर पडत नसतील, तर न्यूट्रलचा प्रवाह फेजच्या १.७३ पट होतो. आणि न्यूट्रल तर कित्येक जुन्या इमारतींत फेजपेक्षा बारीक तारेची असे.

उलटा वागणारा ग्राहक

गाळणीपुढे आणखी एक अडचण उभी राहिली. नवा नियामक स्वतःच सेकंदाला हजारो तुकडे पाडतो. त्या ठोक्यांनी भिंतीतली तार आणि शेजारचा रेडिओ बिघडू नये, म्हणून मध्ये लहान चोक आणि कपॅसिटर यांची आणखी एक गाळणी लावावी लागते. तिचे काम आतला गोंगाट बाहेर जाऊ न देणे. ही गाळणी लावल्यावर एरवी नीट चालणारा नियामक कधी कधी आपोआप हेलकावे खाऊ लागे.

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे आर. डी. मिडलब्रुक यांनी १९७६ मध्ये एका निबंधात याचा नीट उलगडा केला. खेड्यात संध्याकाळी दाब उतरला, की तारेचा दिवा मंद होतो, म्हणजे तो प्रवाहही कमी घेतो. एस.एम.पी.एस. तसे करत नाही. त्याला बाहेर ठरलेली शक्ती द्यायचीच असते, म्हणून दाब उतरला की तो प्रवाह वाढवतो. दाब कमी, प्रवाह जास्त! लहान बदलांपुरता पाहिले, तर हा ऋण रोध झाला. चोक आणि कपॅसिटर ही झोपाळ्यासारखी जोडी आहे. साधा रोध झोपाळा थांबवतो. ऋण रोध त्याला प्रत्येक फेरीत ढकलतो. मिडलब्रुक यांनी सांगितलेली अट अशी, की गाळणीचा निर्गम-संरोध नियामकाच्या प्रवेश-संरोधापेक्षा पुष्कळ कमी ठेवा, आणि गाळणीत मुद्दाम थोडा रोध घालून झोपाळा शांत करा. गाळणी आणि नियामक वेगवेगळे तयार करून मग जोडता येत नाहीत, हे त्यानंतर या विषयाचे पहिले सूत्र झाले.

चौथी जागा: कायदा

घरोघर दूरचित्रवाणी संच आणि कचेऱ्यांत संगणक वाढले, तसे हे ठोके साऱ्या शहराच्या विद्युतजाळ्याचा प्रश्न झाले. सगळी उपकरणे शिखराच्या त्याच क्षणी प्रवाह ओढतात, त्यामुळे दाबाच्या वक्राचा माथाच चपटा होऊ लागला. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९८२ मध्ये याबद्दल पहिली मानके काढली आणि १९९५ मध्ये ती अधिक कडक केली. युरोपात १ जानेवारी २००१ पासून ती बंधनकारक झाली. संगणक आणि दूरचित्रवाणी संच यांना ७५ वॅटच्या वर, प्रवाहातल्या तिसऱ्या गुणावर्तासाठी दर वॅटला ३.४ मिलिअँपिअर ही मर्यादा ठरली. केवळ चार डायोड आणि एक कपॅसिटर या मांडणीला ती पाळणे अवघड.

उपाय म्हणून पुलाच्या आणि कपॅसिटरच्या मध्ये आणखी एक तुकडे पाडणारे मंडल आले. ते टेकडीच्या संपूर्ण लांबीत, दाबाच्या प्रमाणात प्रवाह ओढते आणि कपॅसिटरला ३८० ते ४०० व्होल्टपर्यंत भरते. भिंतीला वाटते, समोर साधा तारेचा दिवा आहे. पंचाहत्तर वॅटच्या आतल्या, दिवे सोडून इतर, उपकरणांना मात्र ही सक्ती नाही. म्हणून मोबाइलच्या साध्या चार्जरमध्ये डायोडांचा पूल आणि त्यामागे लहानसा कपॅसिटर अशी जुनीच मांडणी सापडते.

जे हलवता येते, संपवता येत नाही

एवढे करूनही कपॅसिटर गेला नाही, आणि याचे कारण अभियंत्यांच्या आळसात नसून निसर्गात आहे. एका फेजची वीज आदर्श ग्राहकालाही सारखी शक्ती देत नाही. १०० वॅटच्या ग्राहकाला ती क्षणोक्षणी शून्य ते २०० वॅट अशी शक्ती देते, सेकंदाला शंभर वेळा. संगणकाला मात्र अखंड १०० वॅट हवे असतात. दर टेकडीला जास्तीची ऊर्जा कुठेतरी ठेवावी आणि दरीत परत द्यावी लागणार. गणित केले तर ती शक्ती भागिले कोनीय वारंवारता, म्हणजे १०० भागिले ३१४, सुमारे ०.३२ ज्यूल येते. शंभर ग्रॅमचे वजन बत्तीस सेंटिमीटर उचलण्याइतकी. कोणतीही चतुराई हा आकडा कमी करू शकत नाही. कपॅसिटरऐवजी चोकमध्ये ठेवा, फिरत्या चाकात ठेवा, पण ठेवावीच लागेल. तीन फेज एकत्र घेतल्या तर त्यांच्या शक्तीची बेरीज स्थिर असते, म्हणून मोठ्या कारखान्यांत ही अडचण जवळजवळ नसते.

हा ०.३२ ज्यूलचा भार वाहताना ॲल्युमिनिअम कपॅसिटर तापतो आणि त्यातला द्राव हळूहळू आटतो. तापमान दहा अंशांनी कमी ठेवले तर आयुष्य साधारण दुप्पट होते, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. बंद पडलेल्या कित्येक पेट्यांत डोके फुगलेला कपॅसिटर सापडतो तो यामुळे. गूगल आणि आय.ई.ई.ई. यांनी मिळून लावलेल्या, २०१६ मध्ये निकाल लागलेल्या स्पर्धेत २ किलोवॅटचा इन्व्हर्टर ४० घनइंचांपेक्षा लहान जागेत बसवायचा होता. तिथे दिशा उलटी, डी.सी.कडून ए.सी.कडे. पण तिथेही मोठी अडचण हीच होती, की दुप्पट वारंवारतेने ये-जा करणारी ऊर्जा एवढ्या जागेत ठेवायची कुठे. दहा लाख डॉलरचे ते बक्षीस बेल्जियमच्या एका संघाला मिळाले.

वर्गात ऐकू येणारा इतिहास

हे सारे फळ्यावर सांगण्यापेक्षा ऐकवता येते. मात्र एक सूचना आधी. चार्जर किंवा संगणकाची एस.एम.पी.एस. पेटी वर्गात उघडू नये. वीज बंद केल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो. प्रयोग करायचा तो नऊ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर, ज्याची भिंतीकडची बाजू पेटीत पूर्ण बंद केलेली आहे.

ट्रान्सफॉर्मरच्या एका निर्गम तारेत एक ओहमचा रोध जोडा. पुढे १ एन ४००७ जातीच्या चार डायोडांचा पूल, आणि भार म्हणून अर्ध्या वॅटचा ४७० ओहमचा रोध. साधा हेडफोन एक किलोओहम आणि एक मायक्रोफॅरड यांच्यामार्फत भाराच्या दोन टोकांना लावा. मोठी घूं ऐकू येईल. १९२५ सालच्या श्रोत्याची तक्रार ती हीच. आता भाराला समांतर आधी १०, मग १००, मग १००० मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा कपॅसिटर जोडा. धन आणि ऋण टोके उलटी होऊ देऊ नका. घूं टप्प्याटप्प्याने विरत जाईल.

मुले म्हणतील, तरंग गेला. तेव्हा हेडफोन तिथून काढा आणि शंभर ओहममार्फत त्या एक ओहमच्या रोधाच्या दोन टोकांना लावा. कपॅसिटर नसताना तिथे जेमतेम काही ऐकू येते. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, की तिथे स्पष्ट, कर्कश गुरगुर सुरू होते. हजार काढून शंभर लावा, ती मवाळ होते. भाराजवळ शांतता वाढते तसतसा तारेतला आवाज वाढतो.

शिबिरातल्या बाईंच्या प्रश्नाला आम्हाला तेव्हा हेच ऐकवता आले असते.